लेन्समागची मोकळी जागा : नकाशाकारांचे भिंग छोट्या कॅमेऱ्यात कसे आले?

#थ्रेड #इतिहास #छायाचित्रण

१/
आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये ‘०.५’ अशी एक खूण असते. तिला स्पर्श करताच अरुंद खोलीच्या तीन भिंती एकाच चौकटीत मावतात. या सोयीमागे दीड शतकाहून अधिक काळाची खटपट आहे. त्या खटपटीत पाण्याने भरलेले भिंग आहे, फुंकरीने फिरणारी चांदणी आहे, दोन महासत्तांचे नकाशे आहेत आणि एका छोट्या कॅमेऱ्याच्या पोटातील काही मिलिमीटर मोकळी जागा आहे. हा धागा प्रामुख्याने त्या मोकळ्या जागेविषयी.

२/
प्रथम थोडी परिभाषा. ३५ मिमी फिल्मवरील चौकट ३६ × २४ मिमी असते आणि तिचा कर्ण सुमारे ४३ मिमी भरतो. लेन्सचे नाभीय अंतर जितके कमी, तितका तिचा दृष्टिकोन रुंद. ५० मिमीची लेन्स कर्णावर सुमारे ४७ अंश पाहते, २८ मिमीची ७५ अंश, २० मिमीची ९५ अंश आणि १५ मिमीची ११० अंश. साधारणपणे २१ मिमी व त्याखालील लेन्सला अतिविस्तृत-कोन लेन्स म्हणतात. येथे विषय आहे तो सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या लेन्सचा. सरळ रेषांना कमानीसारखे वाकवणारी ‘फिशआय’ लेन्स हा वेगळा प्रकार.

३/
रुंद दृश्य टिपण्याची हौस छायाचित्रणाइतकीच जुनी. १८५९ मध्ये इंग्लंडच्या थॉमस सटन यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलाची लेन्स सिद्ध केली. तिचा आवाका सुमारे १२० अंशांचा होता. अडचण अशी की तिचे चित्र सपाट पृष्ठावर नीट उमटत नसे. त्यासाठी काचेची पट्टीच वक्र करावी लागे आणि त्या वक्र काचेवर ओल्या रसायनाचा एकसारखा थर द्यावा लागे. हेच सटन पुढे १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या प्रसिद्ध रंगीत छायाचित्राच्या प्रयोगात सहभागी झाले. पाण्याची लेन्स मात्र मागे पडली.

४/
१९०० साली बर्लिनच्या गोएर्ट्झ कंपनीतील एमिल फॉन ह्योग यांनी सपाट पृष्ठासाठीचा तोडगा काढला. ‘हायपरगॉन’ या त्यांच्या लेन्समध्ये केवळ दोन पातळ भिंगे होती. जवळजवळ अर्धगोलाइतकी वक्र आणि एकमेकांसमोर ओंजळीसारखी ठेवलेली. या रचनेने तब्बल १३५ अंशांहून अधिक रुंद दृश्य सरळ रेषांसह टिपले. काचेचे इतर दोष दुरुस्त झालेले नसल्याने छिद्र एफ/२२ इतके बारीक ठेवावे लागे. इमारतींच्या छायाचित्रांसाठी तेही चालून जाई. खरा अडसर होता तो कडांवरच्या अंधाराचा.

५/
हा अंधार लेन्स वाईट असल्याने येत नाही. तो भूमितीतून येतो. तिरका किरण कडेपर्यंत जास्त अंतर कापतो, म्हणून क्षीण होतो. तो पृष्ठावर तिरका पडतो, म्हणून अधिक जागेवर पसरतो. शिवाय बाजूने पाहिले असता लेन्सचे गोल छिद्र चपट्या लंबवर्तुळासारखे दिसते, म्हणून आत कमी प्रकाश शिरतो. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे कोनाच्या कोसाइनचा चौथा घात. ४५ अंशांवर मध्यभागाच्या केवळ एक चतुर्थांश प्रकाश पोहोचतो. १५ मिमी लेन्सच्या कोपऱ्यात तर जेमतेम एक दशांश.

६/
हायपरगॉनवर योजलेला उपाय विलक्षण होता. लेन्सच्या पुढे धातूची एक लहान चांदणी बसवलेली असे. छायाचित्रकार रबरी फुग्याने हवा सोडी आणि चांदणी गरगर फिरू लागे. तिच्या पाकळ्या मध्याकडे रुंद व टोकांकडे निमुळत्या असल्याने मध्यभागाचा प्रकाश अधिक अडे आणि कडांना अधिक वेळ मिळे. मग चांदणी बाजूला सारून उरलेला प्रकाश द्यायचा. स्थिर इमारतीसाठी हे ठीक होते. पण चालत्या विमानातून जमिनीचे चित्र घ्यायचे झाल्यास चांदणी फिरवायला सवड कोणाला?

७/
पहिल्या महायुद्धाने विमानातून छायाचित्रणाची उपयुक्तता सिद्ध केली आणि शांतताकाळात नकाशाकारांनी ते तंत्र उचलले. त्यांचे गणित सरळ होते. तेवढ्याच उंचीवरून निम्म्या नाभीय अंतराची लेन्स त्याच आकाराच्या फिल्मवर चौपट भूभाग टिपते. याचा अर्थ कमी फेऱ्या, कमी इंधन आणि चांगल्या हवामानाच्या मोजक्या दिवसांत जास्त काम. शिवाय लागोपाठच्या चित्रांत साधारण ६० टक्के भाग समान ठेवला की दोन बिंदूंवरून पाहिल्याप्रमाणे डोंगराची उंचीही मोजता येते. कोन रुंद असेल तर ही मोजणी अधिक अचूक होते.

८/
म्हणजे अतिविस्तृत-कोन लेन्सची सर्वांत मोठी गरज कलावंतांना नव्हे, मोजणीदारांना होती. रेषा किंचित वाकली तर चित्रकाराचे काही बिघडत नाही, पण नकाशावर नदी जागा सोडते. १९३३ मध्ये येना येथील कार्ल झाइसच्या रॉबर्ट रिश्टर यांनी ‘टोपोगॉन’ रचली. चार अतिवक्र भिंगे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी मध्यबिंदूभोवती बसवलेली. तिने सुमारे १०० अंशांचे दृश्य एफ/६.३ इतक्या उपयुक्त छिद्रावर दिले. पुढे अमेरिकेत बॉश अँड लॉम्ब कंपनीने त्याच धर्तीवर ‘मेट्रोगॉन’ बनवली. दुसऱ्या महायुद्धात परस्परांचे शत्रू एकाच घराण्याच्या लेन्समधून जमीन पाहत होते.

९/
आता दुसरा धागा, छोट्या कॅमेऱ्याचा. १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत मेळ्यात ऑस्कर बार्नाक यांचा लायका कॅमेरा लोकांसमोर आला. १९३२ मध्ये लायका आणि झाइस आयकॉनचा कॉन्टॅक्स या दोघांतही लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर आला. तत्त्व तोफखान्यातील अंतरमापकाचेच. परस्परांपासून दूर असलेल्या दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवत त्या एकमेकींवर आणल्या की अंतर अचूक जुळते. दृष्टी आणि लेन्स यांचे मार्ग येथे वेगळे असतात. छायाचित्रकार लेन्समधून पाहतच नाही.

१०/
ही गोष्ट उणीव वाटते, पण तिचा एक मोठा लाभ होता. लेन्समधून पाहायचे नसल्याने कॅमेऱ्याच्या पोटात तिरका आरसा लागत नाही. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये पडदेवजा शटर सोडले तर सारी जागा मोकळी. लेन्सचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ जाऊ शकतो. १९३०च्या दशकात झाइसचे लुडविग बर्टेले यांनी ३५ मिमीची ‘बायोगॉन’ रचली, तेव्हा तिचे मागचे भिंग घंटेसारखे कॅमेऱ्यात खोल शिरले होते. तरीही छोट्या कॅमेऱ्यांची मजल या दशकात २८ मिमीपर्यंतच पोहोचली.

११/
या कॅमेऱ्यांचा प्रसार पूर्वेकडेही झाला. १९३४ पासून खारकीव्ह येथे ‘फेड’ नावाने लायकाची सोव्हिएत नक्कल तयार होऊ लागली. नाव गुप्तपोलिसांचे संस्थापक फेलिक्स एडमुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांवरून. कारखाना होता अनाथ व बेघर मुलांच्या श्रमवसाहतीत, जिचे नाव शिक्षणतज्ज्ञ अन्तोन मकारेन्को यांच्याशी जोडलेले आहे. युद्धानंतर मॉस्कोजवळील क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातून ‘झोर्की’ हा दुसरा भाऊबंद आला. या कॅमेऱ्यांवर लायकासारखाच ३९ मिमीचा आटा असे. हा आटा लक्षात ठेवावा. पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

१२/
१९४५. अमेरिकी सैन्याने थुरिंगिया सोव्हिएतांच्या हवाली करण्यापूर्वी येनाच्या झाइस कारखान्यातील निवडक तज्ज्ञांना आपल्यासोबत पश्चिमेला नेले. त्यांतून ओबरकोखन येथे दुसरे झाइस उभे राहिले. सोव्हिएतांनी उरलेली यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून हलवली. कॉन्टॅक्सची निर्मिती कीव्हच्या कारखान्यात गेली आणि कॅमेऱ्याचे नावच ‘कीव्ह’ झाले. बर्टेले यांची ३५ मिमी बायोगॉन सोव्हिएत देशात ‘ज्युपिटर-१२’ झाली. एका काचेच्या घराण्याची अशी फाळणी झाली. भिंगांचे शास्त्र मात्र दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारत राहिले.

१३/
तो प्रश्न लेनिनग्राडमध्ये मिखाईल मिखाईलोविच रुसिनोव्ह (१९०९–२००४) यांच्यापुढे होता. त्यांच्या देशाचे क्षेत्रफळ सुमारे २.२४ कोटी चौरस किलोमीटर. त्यातील फार मोठा भाग तैगाचे अरण्य, टुंड्रा आणि दलदल. साखळी व दुर्बीण घेऊन पायी मोजणी करायला पिढ्या लागल्या असत्या. विमान हाच मार्ग होता, आणि विमानासाठी रुंद, अचूक व कडांपर्यंत उजळ लेन्स हवी होती. फिरती चांदणी येथे चालणार नव्हती. अंधाराचे ते भूमितीय बंधनच कोठेतरी सैल करायला हवे होते.

१४/
रुसिनोव्ह यांनी १९४६ मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या रचनेत त्या बंधनाची नेमकी कमकुवत कडी सापडते. पाचव्या भागातील तीन कारणांपैकी पहिली दोन निसर्गाची आहेत, ती बदलत नाहीत. तिसरे मात्र लेन्सच्या हाती आहे. बाजूने पाहिल्यावर छिद्र चपटे दिसते. ते तसे दिसू दिलेच नाही तर? रुसिनोव्ह यांनी छिद्राच्या दोन्ही बाजूंना, सर्वांत बाहेर, मोठी अंतर्गोल वाटीसारखी भिंगे बसवली. त्यांतून तिरके पाहिले की आतले छिद्र पाहणाऱ्याकडे वळल्यासारखे आणि फुगल्यासारखे दिसते.

१५/
जुन्या अतिविस्तृत लेन्सचा मालक हा प्रयोग घरी करू शकतो. लेन्स समोरून पाहावी, मग हळूहळू बाजूला सरकावे. साध्या लेन्समधील छिद्र डोळ्याच्या बुबुळासारखे चपटे होत जाते. या घराण्यातील लेन्समध्ये ते बराच वेळ गोलच राहते. आकड्यांत सांगायचे तर २० मिमी लेन्सच्या कोपऱ्यात चौथ्या घाताच्या नियमाने मध्यभागाच्या सुमारे एक पंचमांश प्रकाश पोहोचला असता. छिद्राचे चपटेपण टळले की नियम तिसऱ्या घाताजवळ येतो आणि तोच प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश होतो. नकाशाकारासाठी हा फरक मोठा होता.

१६/
पश्चिमेला बर्टेले युद्धानंतर स्वित्झर्लंडमध्ये काम करू लागले. हीरब्रुग येथील विल्ड ही कंपनी मोजणीची उपकरणे बनवी. तिच्यासाठी त्यांनी १९५०च्या सुमारास ‘अव्हिओगॉन’ ही हवाई लेन्स सिद्ध केली. तिच्यातही छिद्राभोवती जवळजवळ सममित मांडणी होती आणि दोन्ही टोकांना मोठ्या अंतर्गोल वाट्या. रुसिनोव्ह यांचे पेटंट आधीचे. बर्टेले यांनी आतील भिंगांची जाडी व संख्या वाढवून छिद्र मोठे केले आणि प्रतिमेचा कस आणखी वाढवला. पोलादी पडद्याच्या दोन्ही बाजूंना, नकाशाच्याच गरजेपोटी, लेन्सने एकच आकार धारण केला होता.

१७/
सममित मांडणीचे महत्त्व येथे समजून घ्यावे. छिद्राच्या पुढील अर्धा भाग रेषा ज्या दिशेने वाकवतो, मागील अर्धा भाग ती नेमकी उलट दिशेने वाकवतो. परिणामी रेषा सरळ राहते. ही किमया साधण्यासाठी मागचा अर्धा भागही पुढच्याइतकाच मोठा हवा आणि त्याला फिल्मजवळ जागा हवी. हवाई कॅमेऱ्यात ती जागा होती. खिशातल्या कॅमेऱ्यांपैकी ती फक्त आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत होती. म्हणून नकाशाकारांचे हे भिंग सामान्य छायाचित्रकाराच्या हाती आले ते रेंजफाइंडरच्या दारातून.

१८/
१९५४ च्या सुमारास कॉन्टॅक्ससाठी २१ मिमी एफ/४.५ ‘बायोगॉन’ आली. नाव जुने, रचना पूर्णपणे नवी. त्याच वर्षी हॅसलब्लाडने ३८ मिमी बायोगॉन घेऊन आरसाच नसलेला खास कॅमेरा काढला, कारण त्यांच्या नेहमीच्या आरशाच्या कॅमेऱ्यात ही लेन्स बसणे शक्य नव्हते. १९५८ मध्ये श्नायडर कंपनीची २१ मिमी एफ/४ ‘सुपर-अँग्युलॉन’ लायकासाठी आली आणि १९६३ मध्ये तिची एफ/३.४ ही उजळ आवृत्ती. १९५९ मध्ये निकॉनने आपल्या रेंजफाइंडरसाठी २१ मिमी एफ/४ दिली.

१९/
रुसिनोव्ह यांची लेन्सही याच सुमारास लोकांच्या हाती आली. ‘रुसार एमआर-२’, २० मिमी, एफ/५.६, दृष्टिकोन ९५ अंश. ‘रुसार’ हे नाव त्यांच्या आडनावातून आणि ‘एमआर’ ही त्यांची आद्याक्षरे. आटा तोच, लायका, फेड आणि झोर्कीचा ३९ मिमी. लेन्स इतकी चपटी की कॅमेऱ्यावर चढवल्यावर बटणासारखी दिसे. पुढून दिसे त्याहून तिचा बराच भाग मागे, कॅमेऱ्याच्या पोटात असे. सैबेरियाच्या मोजणीसाठी विकसित झालेला विचार आता एखाद्या शिक्षकाच्या झोर्कीवर बसून घरातल्या वाढदिवसाचे चित्र घेऊ शकत होता.

२०/
पण ती वापरायची कशी? कॅमेऱ्याच्या मूळ व्ह्यूफाइंडरला इतका रुंद कोन दिसत नाही. म्हणून वरच्या खाचेत स्वतंत्र व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. तो लेन्सच्या काही सेंटिमीटर वर असल्याने जवळच्या वस्तूची चौकट किंचित चुकते. अंतराचे म्हणाल तर रुसार रेंजफाइंडरशी जोडलेलीच नव्हती. लेन्सवरील आकडे पाहून अंदाजाने अंतर लावायचे. एरवी हे आंधळेपणाचे ठरले असते. येथे मात्र लघु नाभीय अंतर मदतीला येते. २० मिमीची लेन्स एफ/८ वर ठेवून १.७ मीटरवर लावली की सुमारे ८५ सेंमीपासून क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते.

२१/
म्हणजे अंतर जुळवण्याचे कामच संपते. कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि शटर दाबायचे. मात्र दुसरी शिस्त अंगी बाणवावी लागते. कॅमेरा किंचित वर झुकला तरी इमारती मागे कलंडतात. म्हणून अनुभवी छायाचित्रकार खाचेवर गवंड्याच्या पाणसळीसारखी बुडबुड्याची नळी लावत. कडेला उभ्या माणसाचे डोके ताणलेले दिसते. हा लेन्सचा दोष नसून गोल वस्तू सपाट पृष्ठावर तिरकी प्रक्षेपित केल्याचा परिणाम आहे. नकाशात ध्रुवाजवळचे प्रदेश फुगतात, त्याच जातीचा. रेषा सरळ राखण्याची ती किंमत आहे.

२२/
या लेन्सने छायाचित्रकाराची उभे राहण्याची जागाही बदलली. दुरून पाहिले तर चौकटीत रिकामे आकाश आणि रिकामा रस्ताच भरतो. चित्र अर्थपूर्ण व्हायचे तर विषयाच्या हाताच्या अंतरावर जावे लागते. मग पुढचा माणूस मोठा, मागचे शहर लहान, आणि पाहणारा गर्दीच्या आतच. फ्रेंच छायाचित्रकार जाँलू सिएफ यांनी २१ मिमी सुपर-अँग्युलॉन आपली ओळख बनवली. विस्तीर्ण आकाश, काळवंडलेले कोपरे आणि जवळ आलेला देह. कोपऱ्यातील ज्या अंधाराशी नकाशाकार झगडले, तोच अंधार येथे शैली बनला.

२३/
मूळ गरज मात्र विसरू नये, कारण तिच्यातच या इतिहासाची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू आहे. रुंद आणि अचूक लेन्समुळे सोव्हिएत मोजणीदारांनी आपला अवाढव्य देश तपशिलाने कागदावर आणला. ते तपशीलवार नकाशे गुप्त राहिले. १९८८ मध्ये सोव्हिएत मुख्य मानचित्रकार व्हिक्तर याश्चेन्को यांनी जाहीर कबुली दिली की सुमारे ५० वर्षे जनतेसाठीचे नकाशे मुद्दाम बिघडवले जात होते. रस्ते आणि नद्या सरकवल्या जात, गावे चुकीच्या जागी दाखवली जात. रेषा न वाकवणारी लेन्स सरकारकडे होती आणि वाकवलेला नकाशा नागरिकाच्या हाती.

२४/
हा विरोधाभास नीट पाहण्यासारखा आहे. नागरिकाला आपल्या शहराचा खरा नकाशा मिळत नव्हता, पण कॅमेऱ्याच्या दुकानातून त्याच संशोधकाची २० मिमी लेन्स मिळू शकत होती. तिने घेतलेल्या चौकाच्या छायाचित्रात प्रत्येक इमारतीची कड सरळ आणि प्रत्येक रस्ता आपल्या जागी असे. साधन प्रामाणिक असले म्हणून त्यातून मिळालेले ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचतेच असे नाही. ते कोणाच्या कपाटात ठेवले जाते, हा प्रश्न भिंगांच्या गणितात सुटत नाही. इतिहासात तो पुन्हा पुन्हा भेटतो.

२५/
१९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि व्यावसायिक छायाचित्रकार आरशाच्या कॅमेऱ्याकडे वळू लागले. लेन्समधूनच पाहता येणे ही सोय मोठी होती. पण आरसा हलायला जागा लागते. निकॉन एफमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी. लायका एममध्ये ते केवळ २७.८ मिमी आहे. निकॉनची सममित २१ मिमी लेन्स या नव्या कॅमेऱ्यावर बसे, पण आरसा आधी वर उचलून अडकवून ठेवावा लागे. मग लेन्समधून काहीच दिसत नसे आणि खाचेत पुन्हा स्वतंत्र व्ह्यूफाइंडर लावावा लागे.

२६/
यावरचा मार्ग फ्रान्सच्या पिएर अँजेन्यू यांनी १९५० मध्येच काढला होता. ‘रेट्रोफोकस’ रचनेत पुढे मोठे अंतर्गोल भिंग ठेवून लेन्सला मागे ढकलता येते, म्हणजे आरशाला जागा मिळते. सममिती मात्र मोडते. रेषा सरळ ठेवण्यासाठी मग जास्त भिंगे, जास्त वजन आणि अधिक आकडेमोड लागते. संगणक आले आणि ही आकडेमोड सुलभ झाली. रेट्रोफोकस लेन्स वर्षागणिक सुधारत गेल्या. सममित लेन्स अजूनही उत्तम होत्या, पण त्यांना सामावणारी मोकळी जागा असलेले कॅमेरे बाजारात कमी होत चालले.

२७/
या घराण्याचे टोक म्हणजे १९६९ चा झाइस आयकॉन ‘होलोगॉन’. ओबरकोखनच्या एर्हार्ड ग्लात्सेल यांची १५ मिमी लेन्स, भिंगे तीनच, छिद्र कायमचे एफ/८. तिच्यासाठीच एक कॅमेरा बांधला गेला. बोटे चौकटीत येऊ नयेत म्हणून त्याला पिस्तुलासारखी मूठ दिली होती. कडांवरचा अंधार समतोल करण्यासाठी मध्यभागी गडद असलेला फिल्टर लावावा लागे, म्हणजे प्रकाश आणखी घटे. हायपरगॉनची चांदणीच जणू काचेच्या रूपात परतली होती. १९७२ मध्ये ही लेन्स लायका एमसाठीही निघाली. झाइस आयकॉनने त्याच सुमारास कॅमेऱ्यांची निर्मिती आटोपती घेतली.

२८/
लायकाच्या पोटातली जागाही आता भरू लागली होती. १९७१ च्या लायका एम५ मध्ये प्रकाशमापक लेन्सच्या मागे एका हलत्या दांडीवर बसवला होता. मागे खोल शिरलेली सुपर-अँग्युलॉन त्याच्या आड येई आणि मापन होत नसे. १९८० मध्ये लायकाने स्वतःच रेंजफाइंडरसाठी २१ मिमीची नवी लेन्स काढली, तीही रेट्रोफोकस धाटणीची. १९९९ मध्ये जपानच्या कोसिना कंपनीने फोक्टलेंडर या जुन्या नावाखाली १५ मिमी एफ/४.५ हेलियार आणली. तिचा आटा तोच जुना ३९ मिमी. अतिविस्तृत कोन पुन्हा सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आला.

२९/
आज आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे सर्वत्र आहेत. मोकळी जागा परतली आहे. साधी कडी लावून रुसार किंवा सुपर-अँग्युलॉन त्यांवर चढते. पण आता अडचण जागेच्या शेवटी, तळाशी आहे. फिल्मचा थर तिरका किरण सहज झेलतो. डिजिटल संवेदकावरील काच आणि सूक्ष्म भिंगे त्याला समोरून आलेला मागतात. परिणामी या लेन्सच्या कडांवर जांभळट किंवा निळसर छटा उतरतात आणि तपशील पुसट होतो. म्हणूनच २०१५ मध्ये कोसिनाने आपली १५ मिमी हेलियार डिजिटल संवेदकासाठी नव्याने रचली.

३०/
२०१४ मध्ये लोमोग्राफीने क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातूनच रुसार पुन्हा बनवून घेतली. घेणाऱ्यांत फिल्म वापरणारे तरुण बरेच होते. जुन्या झोर्कीवर ती चढवली, अंतर १.७ मीटरवर लावले, छिद्र एफ/८ केले की ती आजही तेच करते जे करण्यासाठी तिचा विचार जन्मला. रस्त्याच्या दोन्ही कडा, समोरचा माणूस आणि मागचे आकाश एका चौकटीत आणते आणि सरळ रेषा सरळच ठेवते. फोनमधील ‘०.५’ हेच काम बरेचसे आकडेमोडीने करतो. रुसारमध्ये ते काचेच्या दोन वाट्या आणि त्यांच्या मागची मोकळी जागा करते.

(धागा समाप्त)